घाटात दम टाकणारी गाडी

जेवून लगेच आडवं होणं ही काही शालनची सवय नव्हे. भरदुपारी घोरत पडणाऱ्या ड्रायव्हर लोकांना टोमणे मारण्यात तीच पुढे असते. पण आज डबा खाऊन, साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन ती गॅरेजच्या कोपऱ्यातल्या सीटवर टेकते, आणि टेकते ती कलंडतेच. ही सीट तिच्या वडिलांनी, आबांनी, एका भंगारातल्या जीपची काढून आणलेली. ते गेल्यापासून तिच्यावर असं निवांत कुणी पडलेलं नाही.

पापण्यांच्या फटीतून तिला जयसिंग चौगुलेची पांढरी गाडी दिसते. बॉनेट उघडं. तक्रार एवढीच की गाडीला पिकअप नाही. एक्सलेटर दाबला की ती आधी विचार करते, मग निघते. आंबा घाटात तर अशी दम टाकते की मागची एस.टी. हॉर्न मारून मारून बेजार करते. शालनने प्लग बदलले, हवेची झडप, म्हणजे थ्रॉटल बॉडी, साफ केली, पेट्रोलचा दाब मोजला, एअर फिल्टर नवा घातला, स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणतो, सगळं ठीक आहे. गाडी म्हणते, माझं काही ठीक नाही. आता उन्हं उतरली की जयसिंग येणार आणि गाडी कोल्हापूरला मोठ्या वर्कशॉपमध्ये नेणार. माणूस भला, तोंडावर काही बोलला नाही. पण मलकापूरच्या स्टँडवर बाकीचे बोलतातच की, रंगराव लोहार गेला आणि मागे नुसता बोर्ड उरला.

रंगराव लोहार म्हणजे शालनचे आबा. त्यांच्या हयातीत या दारातून एकही गाडी दुखणं घेऊन परत गेली नाही, आणि हे ते येईल त्याला ऐकवायचे. त्याहून जास्त ऐकवायचे ते शालनबद्दल. नुसता रस्ता विचारायला थांबलेल्या माणसाचीही तांब्याभर पाणी आणि लेकीचं कौतुक घेतल्याशिवाय सुटका नसे. शालन लाजून गाडीखाली सरकायची. आता ते कौतुक करणारं तोंड भिंतीवरच्या फोटोत आहे, फोटोवर दसऱ्याची झेंडूची माळ वाळून लटकते आहे, आणि आज पहिल्यांदा एक गाडी तशीच परत जाणार आहे. आबांची लेक म्हणवून घ्यायचं आणि त्यांचं नाव असं घालवायचं, हे तिला सहन होत नाही.

डोळा लागतो. किंवा लागतही नसेल, कारण गॅरेज दिसतंच आहे. फक्त ऊन भिंतीवरून ओघळून फरशीवर साचलंय. त्या उन्हात अनवाणी पाय बुडवून आबा उभे आहेत. खाकी शर्ट, खिशात टेस्टर, गळ्यात झेंडूची माळ.

"निजलीस व्हय गं?"

"न्हाई आबा. जरा टेकले."

"टेक की. कुणी नको म्हटलंय? पर आधी ही माळ काढ माझ्या गळ्यातली. श्वास कोंडतोय."

ती हात लांब करते, तोवर आबा गाडीत जाऊन बसलेले असतात, ड्रायव्हरच्या शेजारी. ही त्यांची जुनी रीत. बॉनेट उघडण्याआधी ते मालकाला गाडी चालवायला लावत आणि स्वतः शेजारी डोळे मिटून बसत. आधी तिचं ऐकू, मग आपलं सांगू, म्हणत. शालन स्टिअरिंगवर बसते. गॅरेजची मागची भिंत आज नाहीच. तिथूनच आंबा घाट चढायला लागतो. घाटातली झाडं शेडच्या पत्र्याची आहेत आणि वाऱ्यावर खडखडतात, आणि यात वावगं काही आहे असं दोघांनाही वाटत नाही.

"दाब," आबा म्हणतात.

ती एक्सलेटर दाबते. गाडी थबकते, मग कशीबशी ओढते.

"विचार करून पळती की ही!" आबा मिटल्या डोळ्यांनी हसतात. "तार सैल झाली असंल."

"आता तार नसती, आबा."

"तार न्हाई? मग पायाचं आत कळतं कसं?"

ते चेष्टा करत नाहीत, खरंच विचारतात. न कळलेलं विचारण्यात आबांना कधी कमीपणा वाटला नाही. लेकीला विचारताना तर त्यांची छाती उलट फुगायची.

"पायाखाली सेन्सर असतोय. त्यो आतल्या कॉम्प्युटरला सांगतोय, पाय एवढा दाबला म्हणून. मग कॉम्प्युटर हवेची झडप तेवढी उघडतोय."

"थांब, थांब," आबा ताठ बसतात. "असलं भारी मला एकट्याला नगं सांगू. समद्यास्नी ऐकू दे."

पुढच्या वळणावर आयटीआयचा हॉल लागतो. मोटर मेकॅनिकच्या वर्गात शालन एकटी मुलगी होती, आणि प्रमाणपत्र घेताना याच हॉलच्या दारात आबा तेलकट कपड्यांनिशी उभे राहून सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत होते. आज खुर्च्यांवर गॅरेजची आजवरची गिऱ्हाइकं बसली आहेत. ट्रकवाले, जीपवाले, आणि शेवटच्या रांगेत एक रस्ता चुकलेला माणूस, अजून हातात तांब्या धरून. गाडी स्टेजवर उभी. आबा पुढे होऊन घसा खाकरतात.

"ही माझी लेक शालन. हं, सांग गं."

शालनला वाटतं, आपण आता लाजणार. पण लाज येत नाही. तिचा आवाज मोकळा निघतो.

"झडप पुरी उघडती, मी बघितलीय. पेट्रोल पोचतंय. ठिणगी पडतीय. म्हणजे राहिली हवा. फिल्टर तर नवा हाय…"

आबांना खोकला येतो. दोन्ही हात माळेत घालून ते ती सैल करू बघतात. "एवढी माळ काढ की गं आधी."

या खेपेला तिचा हात पोचतो. माळ वाळून कडक झालेली, गळ्याशी घट्ट बसलेली. ती दोरा तोडते. आबा श्वास घेतात, एवढा मोठा की हॉलचे पडदे त्यांच्याकडे ओढले जातात.

"आता कसं गार वाटलं!"

शालन हातातल्या माळेकडे बघत राहते. "आबा, मी फिल्टर बदलला, पर त्याच्या म्होरची नळी सोडवून बघितलीच न्हाई. हवा आत घुसती त्या तोंडाशीच अडलीय ती."

"बघितलंसा?" आबा सभेकडे वळून हात पसरतात. "मला यातलं ओ की ठो कळत न्हाई. तिचं तिनंच हुडकलं!"

ते जवळ येतात आणि काळा अंगठा तिच्या उजव्या कानामागे टेकवतात. हे लहानपणापासूनचं. तिने काही चांगलं केलं की आबा नजर लागू नये म्हणून तीट लावायचे, आणि गॅरेजमध्ये काजळ कुठलं शोधत बसायचं, ग्रीस हाताशी असतं. अंगठा गार आहे.

"लोक म्हणत्यात आबा, गॅरेजात आता नुसता बोर्ड राहिला."

"म्हणू दे. मी समद्यास्नी आधीच सांगून ठिवलंय, तू कोण हाईस त्ये."

हॉर्न वाजतो. ती डोळे उघडते. उन्हं दारापर्यंत आली आहेत आणि दारात जयसिंग उभा आहे, ज्या मोटरसायकलवरून आला तिच्या हॉर्नवरचा हात काढत, जरा ओशाळलेला.

"शालनताई, न्हेऊ का मग कोल्हापूरला?"

"जरा दम धरा, जयसिंगभाऊ."

ती सरळ गाडीकडे जाते. फिल्टरच्या डब्यापासून पुढच्या जाळीपर्यंत गेलेली प्लॅस्टिकची नळी सोडवते आणि तोंडाशी बोटं घालते. आत काहीतरी चुरचुरतं. ती ओढते. दोरा येतो, दोऱ्यामागून वाळका झेंडू, आंब्याचं पान, पुन्हा झेंडू. अख्खी माळ ठासून भरलेली. जयसिंग तोंडात बोट घालतो.

"अवो, ही तर आमच्या आईची!"

मग त्याला आठवतं. दसऱ्याला गाडीला घातलेली माळ वाळल्यावर तो ती रस्त्याकडेला फेकणार होता, तर म्हातारी उसळली. देवाचं फूल पायदळी तुडवतोस व्हय रे, दे इकडं. तेव्हा तो रेडिएटरमध्ये पाणी घालत होता, बॉनेट उघडं होतं. पुढे जाळीमागे हाताला येईल असा हा छानसा कोनाडा तिला दिसला असणार.

"तिला वाटलं असंल, गाडीतला द्येव्हाराच," तो म्हणतो, आणि दोघं पोट धरून हसतात.

शालन माळ झटकून, कागदात नीट बांधून त्याच्या हातात देते. "नदीत सोडायला सांगा आईस्नी. त्यांना रागवू नका." नळी परत बसवून ती बॉनेट लावते. "चला, तुम्हीच चालवा."

ती शेजारी बसते आणि डोळे मिटते. जयसिंग एक्सलेटर दाबतो, आणि गाडी विचारबिचार काही न करता उडी घेते. चढावरही आवाज एकसारखा, भरलेला. शालनचा ऊर भरून येतो. हे आपण केलं, असं ती मनात स्पष्ट म्हणते, आणि तसं म्हणताना तिला अजिबात चोरट्यासारखं वाटत नाही.

"ताई, कानामागं काळं लागलंय बघा तुमच्या," जयसिंग फडकं पुढे करतो.

ती डोळे उघडून आरसा स्वतःकडे वळवते, मान तिरपी करते. उजव्या कानामागे ग्रीसचा गोल डाग आहे, अंगठ्याएवढा. जेवून उठल्यावर तिने कोपरापर्यंत हात धुतले होते. नळीला तर नुसती धूळ होती. ती बोटं नाकाशी नेते, बोटांना अजून साबणाचा वास येतो.

फडकं ती घेत नाही.

"जरा स्टँडवरनं घ्या गाडी," ती म्हणते, आणि उजव्या कानामागचे केस वर सारते, म्हणजे डाग दिसावा.