आप्पाच्या कानाजोगा आवाज

थोरल्या भावाचा, म्हणजे आमच्या आप्पाचा, जुना अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करून डिंडोलीला त्याच्या घरी पोचवला, मग वहिनीचा एक फोन आला आणि तेव्हापासून मी एका जागी धड बसलो नाही. बँकेतून घरी, घरातून गच्चीवर, गच्चीवरून पुन्हा खाली. गच्चीवरच्या खोलीत माझं टेबल आहे. असले अ‍ॅम्प्लिफायर खोलायचे, सुधारायचे, ही माझी हौस. तिथेही हात चालेना.

आप्पाच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ट्रेबलच्या, म्हणजे बारीक आवाजाच्या, भागात कुणीतरी एक जादा कंडेन्सर वाकडातिकडा डकवला होता. आवाज कर्कश येत होता. मी तो कापून फेकला, सगळं मूळ होतं तसं केलं, घासूनपुसून फोटो काढला आणि हौशी लोकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘बघा, कसला अडाणी हात फिरला होता.’ वाहवा झाली. आप्पा म्हणाला, "भारी शे." मी खूश.

मग वहिनीचा फोन.

"भाऊजी, उपकार झाले बघा. घरात शांतता आहे. लावतच नाहीत आता."

ती हसत होती. मग म्हणाली, "तो तुकडा मेकॅनिकनं यांच्या कानाप्रमाणे बसवला होता हो. एक लावायचा, गाणं वाजवायचा, हे शब्द म्हणून दाखवायचे. नाही जमलं की दुसरा. आता म्हणतात, ढोलकी तेवढी कळते."

जन्मभर कापडाचे लूम चालवले, त्या खडखडाटात आप्पाचे कान गेले. बारीक आवाज त्याला येत नाहीत, आणि गाण्याचे शब्द बारीक आवाजावरच तर कळतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याच लूमच्या पगारावर मी शिकलो. पण कुणाही परक्याचा अ‍ॅम्प्लिफायर घेताना मी त्याला छप्पन्न प्रश्न विचारतो. आप्पाला एकही विचारला नाही. विचारलं असतं तर त्याच्या कानांबद्दल बोलावं लागलं असतं. ते मी आजवर टाळत आलो.

त्याच्याकडे जाणं पुढेही टाळलंच. कधी ऑडिट, कधी पाहुणे. शेवटी एका रविवारी दुपारी मूठभर कंडेन्सर घेऊन गेलो.

"आते काय बिघाडस रे?" आप्पा म्हणाला.

मी झाकण काढलं, पहिला कंडेन्सर चिमट्यानं अडकवला, गाणं लावलं. त्यानं मान हलवली. नाही. मी दुसरा शोधता शोधता बोलून टाकलं, "आप्पा, आधीचा मीच काढला. तुला न विचारता."

तो गाण्याकडेच कान लावून होता. लूमवरची माणसं ओठ वाचतात, आप्पाही वाचतो. मान खाली घालून बोललेलं त्याला पोचणार नाही, हे बोलायच्या आधीच मला माहीत होतं.

गाणं बंद केलं. उठून त्याच्या समोर बसलो आणि पुन्हा सांगितलं. फोटोचं सांगितलं, खाली काय लिहिलं तेही. तुझे कान कुणापायी गेले ते मला कळत होतं आणि मी कधी बोललो नाही, हेही. तो माझ्या ओठांकडे शेवटपर्यंत बघत राहिला. मला वाटलं, आता शिवी तरी देईल.

"मना कान शेतस," स्वतःच्या कानावर बोट ठेवून तो म्हणाला. "मी सांगसू. लाव दुसरा."

लावला. आप्पानं डोळे मिटले, अर्धी ओळ म्हणाला आणि अडकला. मी पुढचा कंडेन्सर हातात घेतला.