गप्पी माशांचा हौद

हे ऐकायचा ज्यांचा हक्क होता त्यांच्यापैकी आता कुणीही उरलेलं नाही. त्यांच्या हयातीत माझं तोंड उघडलं नाही. आता तुम्हाला सांगते आहे — का, ते मलाही नीट कळत नाही.

आम्ही भोरला राहायचो. युद्धाचे दिवस होते. हे — म्हणजे माझे यजमान — दवाखान्यात कंपाउंडर होते. हिवतापावरचं औषध, कोयनेल, मिळेनासं झालं होतं आणि भाताच्या गावांत हिवतापानं माणसं अंथरुणाला खिळत होती. मग डॉक्टरांनी पुण्याहून गप्पी मासे आणवले. डासांच्या अळ्या खातात ते. त्यांची पैदास करून पावसाआधी गावोगावच्या विहिरींत, डबक्यांत सोडायचे असं ठरलं. पैदाशीसाठी हौद हवा होता, आणि आमच्या परसात दगडी हौद होता.

ते मासे सांभाळायच्या आमच्या वन्सं. अंबूवन्सं — ह्यांच्या मोठ्या बहीण. लग्नानंतर लौकरच विधवा होऊन माहेरी आलेल्या. घरात त्यांना काम पुष्कळ होतं, पण त्यांचं असं काही नव्हतं. मासे मात्र त्यांचे झाले. अंडी न घालता थेट पिलं देणारे मासे! मादीचं पोट फुगून चौकोनी दिसायला लागलं की वन्सं ओळखायच्या. त्या मादीला वाटीनं अलगद उचलून मातीच्या कुंडीत ठेवायच्या, वर शेवाळ सोडायच्या. आईच पिलं गिळते ना — लपायला जागा हवी. सुरुवातीला तांब्याच्या घंगाळात काही ठेवले होते, ते मेले. तेव्हापासून तांब्याला मनाई. पाणी एकदम बदलायचं नाही. थोडंच काढायचं, आणि विहिरीचं पाणी उन्हात ठेवून मगच घालायचं. "घाबरले की आजारी पडतात गं," म्हणायच्या. "आपल्यासारखंच."

हे सगळं मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा. नकळत झालं असं म्हणायची सोय मला नाही.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. दरवर्षी त्या दिवशी वन्सं आंबवड्याला चुलत भावाकडे जायच्या. जा असं कुणी म्हणायचं नाही. राहा असंही नाही. मीही कधी म्हटलं नाही. निघताना त्या मला म्हणाल्या, "बऱ्याच माद्या भरल्यात. कुंडीत मावत नाहीत म्हणून हौदातच ठेवल्यात. हात लावू नकोस. मी उद्या येतेच."

मी "हो" म्हटलं.

आणि मग परसात जाऊन पाहिलं तर — हौद हिरवागार. बुळबुळीत. वास येत होता. बायका पाय धुवायला इथंच येणार. वकिलांच्या घरच्या येणार. काय म्हणतील? अमुक एकीच्या घरी हौदाला शेवाळ आलंय! एवढंच होतं बघा. मत्सर नव्हता, राग नव्हता. असता तर निदान काही कारण तरी सांगता आलं असतं.

मी मासे काढले. फडक्यानं, भराभर. घंगाळ जवळ होतं, त्यात टाकले — हो, तांब्याच्याच. कुंडीही त्यातच रिकामी केली. हौद राखेनं आणि काथ्यानं लख्ख घासला, विहिरीचं गार पाणी भरलं आणि मासे परत सोडले. चैत्राच्या उन्हातून त्या गार पाण्यात. ते अंग चोरून पृष्ठभागाशी आले, तोंडांची उघडझाप करत. काही माद्यांनी तिथंच पिलं टाकली — अर्धवट वाढलेली. मी पाहिलं. पण वाटली डाळ करायची होती, पन्हं करायचं होतं. मी आत गेले.

हौद किती स्वच्छ, असं दोघीतिघी म्हणाल्या. मला बरं वाटलं. तेही सांगून टाकते.

सकाळपर्यंत सगळे मेले होते.

हे कडाडले, "पाणी कुणी बदललं?" तेव्हा सांगता आलं असतं. ओरडले असते, चार दिवस बोलले नसते. त्याहून जास्त काय झालं असतं? पण मी म्हटलं, "वन्संनी. जायच्या आधी."

दुपारी वन्सं आल्या. ह्यांनी त्यांना उंबऱ्यातच गाठलं. "ताई, तुझ्यावर विसंबून होतो मी! हे काय केलंस?" वन्सं सरळ हौदाशी गेल्या. घासलेल्या दगडावरून त्यांनी बोट फिरवलं. माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाल्या, "चुकलं माझं."

का म्हणाल्या? माझी दया आली, की भावाच्या घरात भावजयीशी वाकडं नको म्हणून? मला कधी विचारायचं धैर्य झालं नाही. सासूबाई आतून म्हणाल्या, "हिच्या हाताला यशच नाही." मी ताटं घासत होते. घासत राहिले.

ठरल्याप्रमाणे गुंजवणे गावाहून धोंडीबा नावाचा शेतकरी आला. मासे न्यायला मडकं आणलं होतं, गाडीत हिंदकळू नये म्हणून गवतात बसवून. "साहेब, मासं द्या. आमच्याकडं लई ताप हाय." ह्यांनी सांगितलं, मेले. तो मडक्याकडे बघत राहिला. "मग आता वं?" पुन्हा मासे यायच्या आत पाऊस लागला आणि रस्ते बंद झाले.

भाद्रपदात तो पुन्हा आला, दवाखान्यात. नातवंडाला धडुत्यात गुंडाळून. पोराची आई, त्याची सून, तापात गेली होती. पोरही फणफणलं होतं. हे मला ह्यांनी जेवताना सांगितलं. मासे असते तर ती वाचली असती? सांगता येत नाही. या 'सांगता येत नाही'च्या आडोशाला मी फार वर्षं बसले. पण त्या गावाला मासे मिळाले नाहीत ते माझ्यामुळे, हे तर सांगता येतं.

नवे मासे आले तेव्हा हौद दवाखान्याच्या आवारात बांधला. वन्संना कुणी बोलावलं नाही. पुढं त्या आंबवड्यालाच राहायला गेल्या, त्या चुलत भावाकडे स्वयंपाकाला. मी एकदा मनाशी ठरवून भेटायला गेले. लोणच्याबद्दल बोलले, पोरांबद्दल बोलले, आणि परत आले. त्या तिथंच वारल्या.

हे म्हातारे झाले. अंथरुणावर होते. एका दुपारी आपणहून म्हणाले, "ताईनं तेव्हा त्या माशांकडं नीट बघायला हवं होतं. मला ते विसरता नाही आलं."

तेव्हा मला कुणाची भीती होती? सासूबाई नव्हत्या, वन्सं नव्हत्या. घरात आम्ही दोघंच.

मी त्यांची उशी सारखी केली आणि म्हटलं, "हो ना."