तीन लाख ठिपक्यांचं चित्र

दुसऱ्या वर्षाला असताना मी कॉम्प्युटरवर चित्रं काढायचो. त्यांना चित्रं म्हणावं की नाही, याची तेव्हाही खात्री नव्हती. त्यांत झाड नव्हतं, माणूस नव्हता. स्क्रीनवरचा एकेक ठिपका सूत्रात घालायचा, आलेलं उत्तर पुन्हा त्याच सूत्रात, असं दोनशे वेळा. शेवटी जो आकडा उरेल त्याप्रमाणे त्याला रंग द्यायचा. रंग सोळाच. सूत्र मात्र माझं होतं, साइन-कोसाइन जुळवून केलेलं. त्यातून काय उमटेल हे मलाही आधी कळायचं नाही, आणि त्याचंच वेड लागलं होतं.

अडचण वेळेची होती. स्क्रीनवर तीन लाखांवर ठिपके. शिरूरच्या आमच्या कॉलेजातली मशिनं जुनी, त्यामुळे एक चित्र पुरं व्हायला सात-आठ तास लागले असते. आणि लॅबमध्ये प्रत्येकाला तास मिळायचा एकच. मी दर वेळी चित्राची वरची पट्टी बघून उठायचो. अर्धवट चित्र फाइलमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी पुढं चालू करता येतं, हे मला माहीत नव्हतं. लॅबच्या सरांना विचारायला दोनदा दारापर्यंत गेलो आणि परत आलो. वर्गातलं कुणी मागून डोकावून म्हणायचं, "हे काय आहे रे?" मी म्हणायचो, "काही नाही," आणि बंद करायचो.

घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. सुट्टीत गावी, राहूला गेलो की वडील विचारायचे, "काम्पुटरवर करतुयास तरी काय?" मी सांगायचो, "अर्ज टाइप करतो, आबा." त्यांना ते पटायचं. शिरूरला खोलीत माझ्याबरोबर रांजणगावच्या कंपनीत जाणारे दोघं होते. मी उठायचो तेव्हा ते शिफ्ट संपवून झोपायला आलेले असायचे. कधी कधी आठवडाभर आम्ही एकमेकांशी "दार लावून घे" याच्यापलीकडं बोलायचो नाही. मला एवढंच वाटत होतं, की एकदा तरी एक चित्र खालपर्यंत पुरं झालेलं बघावं.

ती संधी गॅदरिंगच्या दिवशी आली. सगळं कॉलेज मांडवात होतं, लॅब रिकामी. मी दहा वाजता प्रोग्रॅम चालू केला. लॅबचे शिपाई मामा दारात येऊन उभे राहिले. मी शेजारच्या दौंड तालुक्यातला म्हणून ते मला पाव्हणंच म्हणायचे.

"पाव्हणं, तिकडं पोरी नाचत्यात आन् तुम्ही हितं?"

"मामा, संध्याकाळपर्यंत हे मशिन बंद करू नका ना."

"बघू. सरांनी सांगितलं तर करावंच लागंल."

दुपारी त्यांनी मला बाहेर काढून कुलूप लावलं, पण मशिन चालू ठेवलं. तीनच्या सुमाराला मी खिडकीतून डोकावलो. स्क्रीन काळी होती, तिच्यावर कापडी कव्हर अर्धं ओढलेलं. मी मांडवात जाऊन शेवटच्या खुर्चीवर बसलो. स्टेजवर कुणीतरी सरांच्या नकला करत होतं. शेजारचा माझ्याकडं बघत होता म्हणून मीही हसलो.

साडेपाचला वही घ्यायला मामांबरोबर लॅबमध्ये गेलो. आत पंख्याची घरघर ऐकू येत होती. पंखा मशिनच्या आतला होता.

"मामा, हे चालू आहे."

"कसं चालू राहील? सर येऊन गेलं तवाच बंद केलं की म्या. ह्ये बटन."

त्यांनी दाखवलेलं बटण नुसतं स्क्रीनचं होतं. मी कव्हर काढून ते दाबलं.

माझ्या ओळखीच्या निळ्या पट्टीखाली करड्या रंगाचे गोल होते, एकात एक, कडा फाटलेल्या. मधोमध लाल कण विखुरले होते. खाली बोटभर काळं राहिलं होतं आणि तेही ओळीओळीनं भरत होतं. आता मामा विचारणार, हे काय आहे. मी "काही नाही" म्हणायच्या तयारीत होतो.

ते वाकले. एका गोलावर त्यांनी बोट टेकवलं. मग म्हणाले, "ह्या गोलाच्या मधी राख हाय."

"राख?"

"आमच्या इनामगावात खोदाई चालली व्हती, तवा मी पोरगा व्हतो, कामाला जायचो. तिथं जुनं घर सापडलं म्हणत्यात ना, तर घर-बिर काय दिसत न्हाई. मातीत असा गोल डाग, मधी चुलीची राख. पाणी शिंपडायचं, खरवडायचं, बघत बसायचं. दोन दिवसांनी डोळ्याला कळतंय."

"यात तुम्हाला घर दिसतं?"

"घर न्हाई. डाग बरा हाय पण."

शेवटची ओळ भरेपर्यंत आम्ही दोघंही उभेच होतो. मग त्यांनी खांद्यावरची किल्ल्यांची दोरी सावरली. मेन बंद करायची वेळ झाली होती. "काढून घेतलंय न्हवं कुठं?"

मला येत नाही, असं मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. फाइलमध्ये कसं ठेवतात ते माहीत नाही, आणि विचारायला लाज वाटते.

"खोदाईवरची साहेब लोकं त्यो डाग चौकोनाच्या कागदावर काढून घ्यायची, दिशा लिवून. मग आम्ही परत माती लोटायचो," मामा म्हणाले. "काढा तुम्हीबी. धा मिनटं देतो."

वहीच्या मागच्या पानावर मी पेन्सिलनं गोल काढले. हात चांगला नव्हता. फाटलेल्या कडा जमल्या नाहीत, लाल कणांच्या जागी नुसते ठिपके दिले. मामा एका हातानं मेनचं हँडल धरून माझ्या वहीत बघत होते.

"उत्तर कुठं हाय ते लिवा," ते म्हणाले. "न्हाईतर मागनं कळत न्हाई."

मी स्क्रीनकडं बघितलं. मग पानाच्या कोपऱ्यात वरच्या दिशेनं एक बाण काढला, त्याच्याशेजारी 'उ' लिहिलं आणि म्हणालो, "झालं, मामा."