कुलरच्या सुरात

नागपूरच्या उन्हाला घाबरत नाही असा माणूस मी पाहिलेला नाही, आणि माझ्या थोरल्या नणंदेला घाबरणार नाही असं ऊन मी पाहिलेलं नाही. नवरा लवकर गेल्यावर गांधीबागेतलं कापडाचं ठोक दुकान तिनं एकटीनं चालवलं, ते निव्वळ रागाच्या भांडवलावर. व्यापारी, हमाल, देव, सगळ्यांवर ती सारखीच ओरडायची आणि सगळे निमूट ऐकायचे. पुढे दुकान मुलाच्या हाती देऊन ती शहराच्या टोकाला, बेसा वस्तीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आली, तेव्हा मला एकच काळजी पडली. आता ही दिवसभर रागावणार कोणावर? महिन्याभरातच उत्तर मिळालं. पासष्टीला टेकलेल्या या बाईनं व्हायोलिन शिकायला घेतलं.

"या वयात कशाले, ताई? भजनी मंडळात जाय ना," असं माझे यजमान बोलून गेले. ताई कडाडली, "मंग काय मेल्यावर शिकू? भजनी मंडळात तूच जाय, म्हातारा तू झाला!" मला हसू आलं, पण 'या वयात' हे दोन शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यात जातात. नातवंडं सांभाळायला, पापड लाटायला, पाहुण्यांची उस्तवार करायला बाईचं वय कधी आड येत नाही. तिनं स्वतःसाठी बोट हलवलं की मेले सगळे तिचं वय मोजायला बसतात!

व्हायोलिन घ्यायला मीच सोबत गेले होते. ताईनं त्याची कड कापडाचा पोत पाहावा तशी चिमटीत चोळली आणि विचारलं, "रंग तर नाही ना जाणार?" दुकानदार बिचारा हो म्हणावं की नाही, या विचारात पडला. मग रोज दुपारी जेवणं झाली की ती खिडकीतला कुलर फुल करून रियाजाला बसायची. शेजाऱ्यांना कुलरच्या आवाजात काही ऐकू जात नसे. वर राहणारे आम्ही मात्र दारात शेपूट सापडलेल्या मांजराचं रडणं ऐकत असू. मधेच ती स्वतःच्या बोटांनाही शिव्या घाली, "मेल्याहो, जागेवर पडा ना!" एकदा खालून अशी हाक आली, की ताई पडली असं समजून मी कणकेच्या हातानं धावले. ती म्हणाली, "आईक!" आणि एकच स्वर वाजवला. लांब, स्वच्छ, न थरथरता. तेव्हा तिचा चेहरा जसा फुलला, तसा दिवाळीच्या गिऱ्हाइकीतही मी पाहिला नव्हता.

तिला क्लासमध्ये शिकवणारा तरुण मास्तर मात्र हैराण होता. "मावशी, तुमचं व्हायोलिन दर वेळी भलत्याच सुरात लावलेलं असतं," तो म्हणे. "तुमची तंबोऱ्याची मशीन बिघडली," हे ताईचं ठरलेलं उत्तर.

जानेवारीत क्लासचा कार्यक्रम झाला. फ्रॉकातल्या मुलींच्या रांगेत पैठणी नेसून ताई बसली. तिची पाळी आली, तंबोऱ्याची मशीन सुरू झाली. ताईनं कपाळाला आठी घातली आणि भर स्टेजवर खुंट्या पिळून आपला सूर लावला. पुढे जे झालं ते सांगवत नाही. मशीन एकीकडे, तिचा भूप राग दुसरीकडे. माझ्या पुढच्या रांगेतली एक बाई मोबाईलवर शूटिंग करता करता खिदळली, "या वयात हौस आहे हं!" तो मोबाईल हिसकून भिरकावून द्यावा असं मला वाटलं. ताई अर्ध्यावर थांबली, नमस्कार करून खाली उतरली. ऑटोत बसल्यावर म्हणाली, "घरी बरोबर लागते वं. कुलर चालू असला की बरोबर लागते."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. उन्हाळाभर तिनं त्या कुलरची घरघर हाच आधाराचा सा धरला होता. कुलर बंद होऊन झाकला गेला, तरी तिच्या कानातला बंद झाला नव्हता.

व्हायोलिन दिवाणाखाली गेलं. ताई रागवेनाशी झाली. भाजीवाल्यानं सांगितला तो भाव तिनं मुकाट्यानं दिला, त्या दिवशी माझं डोकंच फिरलं. एवढी धगधगती बाई चार खिदळणाऱ्यांनी विझवावी? मी तरातरा खाली गेले, कुलरवरचं प्लास्टिक ओढून काढलं आणि बटन दाबलं. धुळीचा लोट उठला, गार वारा अंगावर आला.

"पागल झाली काय वं? एवढ्या थंडीत काय करून राहिली?"

"काढा ते व्हायोलिन!" जन्मात पहिल्यांदा मी तिच्यावर ओरडले. "काढा म्हणते ना!"

 ताईनं दिवाणाखाली वाकून ते बाहेर काढलं, तारा लावल्या. दोघी शाली पांघरून बसलो आणि तिनं भूप वाजवला, सबंध, कुठेही न अडखळता. संपल्यावर माझ्याकडे न बघता तिनं हळूच विचारलं, "सुरात होतं ना वं?"

मला सुरातलं ओ की ठो कळत नाही. पण माझ्या लग्नापासून आजवर ती मला फक्त सांगत आली होती; विचारलं तिनं आज पहिल्यांदा. मी "हो" म्हणाले, आणि जोरात मान हलवली.