काजळीनं गिळलेली खूण

"मडक्याला हात लावू नका रं!" आई बांधावरून ओरडली. आवाज माथेरानला आदळून परत आला, हे मी शपथेवर सांगतो.

बहिणीला बघायला खालापूरकडून पाहुणे आले होते. आमच्यात पाहुणा मुलीकडं जेवला की सोयरीक ठरली. म्हणून वडिलांनी वालाच्या शेतात पोपटी लावली होती, म्हणजे शेंगा मडक्यात भरून जाळात भाजायला ठेवल्या होत्या. होणारा सासरा माळकरी, बाकीचे सगळं खाणारे. म्हणून मडकी दोन. एकात नुसत्या शेंगा, दुसऱ्यात शेंगांबरोबर कोंबडी. शेंगांच्या मडक्यावर वडिलांनी चुन्याची खूण केली होती. पण जाळातून निघालेली दोन्ही मडकी यमाच्या रेड्यासारखी काळीकुट्ट होती. खूण काजळीनं गिळली होती.

वारा पडला. गावची कुत्री एकदम गप्प झाली. मडक्यांत कोंबलेल्या भांबुर्डीच्या पाल्याचा वास दोन्हीकडं सारखाच. बहीण पदर चावत उभी होती. सासऱ्याच्या पोटातली गुरगुर तर कर्जतच्या स्टेशनात ऐकू जात असावी.

"उघडा की," तो म्हणाला.

वडिलांनी एक मडकं पालथं केलं. पहिली तंगडीच पडली, थेट त्याच्या पायाशी. त्यानं गळ्यातली माळ मुठीत धरली.

"दुसरं तुमचं हाय, व्याही. बसा," वडील म्हणाले.

"आमी जेवून आलोय."