क्लचमास्तर भूल घेतात

क्लचमास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी स्टिअरिंग धरायला शिकवलं, पण विश्वास एकावरही ठेवला नाही. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. त्यावरचा त्यांचा पाय कधी हललाच नाही. सवय इतकी जडली, की जावयाच्या गाडीत मागे बसले तरी वळणावर पाय दाबायचे. एकदा सिनेमातली गाडी दरीकडे निघाली, तर यांनी पुढच्या खुर्चीतल्या गृहस्थाला लाथ घातली!

अशा माणसाला हर्नियाचं ऑपरेशन निघालं. लहानसंच, पण पूर्ण भूल देऊन. चिरफाडीचं मास्तरांना काही वाटलं नाही. धसका घेतला तो भुलीचा.

"म्हणजे गाडी चालू, आणि मी आत झोपलेला? उठलोच नाही तर?"

"रोज दुपारी झोपता, उठता ना?" बायको म्हणाली. "चहाला हाकसुद्धा मारावी लागत नाही."

"अगं, ती झोप माझी स्वतःची असते!"

मग मास्तर दिसेल त्याला विचारत सुटले. लोकांचं काय जातंय? आगीत तेल ओतायला सगळे तयार. न्हाव्याने कुणाच्या तरी मेहुण्याची गोष्ट अशी काही रंगवली, की मास्तर अर्धी दाढी तशीच ठेवून घरी पळाले. बायको पोट धरधरून हसली.

आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई तपासायला आल्या आणि मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. ही तर तीच! लायसनच्या परीक्षेत सारखी नापास होणारी, रिव्हर्स घेताना टपालपेटी आडवी करणारी. 'तुझ्या हातात सायकलसुद्धा देऊ नये,' असं तिला यांनीच भर रस्त्यात सुनावलं होतं.

"ओळखलंत का, मास्तर?"

"ओळखलं म्हणूनच घाम फुटलाय. जुनं काही मनात ठेवू नकोस, बाई."

ती खळखळून हसली. "धोका मुळीच नाही असं नाही म्हणणार. पण फार थोडा. माझ्या शेजारी बसून तुम्ही जो पत्करलात, त्याच्यापुढे तर काहीच नाही. तुम्ही उठेपर्यंत मी उशाशीच असते. श्वास, ठोके, रक्तदाब, सगळ्यावर डोळा."

"मध्येच फोन आला तर?"

"घेत नाही."

"डुलकी लागली तर?"

"मास्तर, झोपायचं काम तुमचं!"

दुसऱ्या दिवशी टेबलावर आडवे झाले. तोंडावर मास्क आला, वरचे दिवे सरकल्यासारखे वाटले, आणि मास्तरांचा उजवा पाय खाडकन पुढे गेला. सिस्टरच्या हातातला ट्रे खणखणत पार कोपऱ्यात. सर्जनसाहेब दचकून भिंतीला टेकले.

डॉक्टरीण मात्र शांतपणे कानाशी वाकली. "मास्तर, पाय काढा. मी बघते."

उभ्या जन्मात त्यांना असं सांगायची कुणाची हिंमत झाली नव्हती. पण तिचा आवाज जराही कापला नाही. मास्तरांनी पाय सैल सोडला.

डोळे उघडल्यावर त्यांनी विचारलं, "कधी सुरू करताय?"

"झालंसुद्धा," ती म्हणाली आणि त्यांना खोलीत पाठवून दिलं.

खोलीत बायको होती. डोळे रडून सुजलेले, नाक लाल. आठवडाभर टिंगल करणारी हीच का ती, असं मास्तरांना वाटलं. पण अंगात गुंगी होती, पापण्या आपोआप मिटल्या. तोच दंडाला करकचून चिमटा बसला.

"आई गं! काय करतेस?"

"झोपू नका."

"अगं, त्यांनीच सांगितलंय, आराम करा म्हणून."

"त्यांना काय जातंय सांगायला?" पदराने नाक पुसत बायको खेकसली. "डोळे उघडे ठेवा आणि माझ्याशी बोला. काहीही बोला. हवं तर मला गाडी शिकवा!"