वरच्या अंगाचं पाणी

प्रदोषाच्या उपवासाने डोळ्यांवर गुंगी येते. दुपारी तीनच्या सुमारास मालनताई हातात जपमाळ धरूनच भिंतीला टेकतात. पाचला संपादक आबासाहेबांचा फोन यायचा आहे. त्यांना ओढ्याची बातमी आजच्या अंकात हवी. पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्याच्या खालच्या अंगाला ओढ्यातून भरलेल्या तिन्ही बाटल्यांत शिसं निघालंय. बातमी तयार आहे. चौथा मणी सरकतो, पाचवा काही सरकत नाही.

"उशीर केलास गं."

आवाज ढवळेबाईंचा. पाणी कसं तपासायचं, सरकारी कागद कसा मागायचा, कुणाला काय विचारायचं, हे गावोगावच्या बायकांना शिकवत फिरल्या त्या बाई. त्यांना जाऊन दोन चैत्र लोटले. आत्ता मात्र पंचायतीच्या हॉलात सतरंजीवर खुशाल मांडी घालून बसल्यात. गुडघा कुरकुरत नाही आता त्यांचा.

"बाई, तुम्ही?"

"मग कोण? वर्ग आहे ना आज."

फळ्यावर मालनताईंची बातमी लिहिलेली. बाई ओठ हलवत वाचतात.

"छान लिहिलंयस. पण वरच्या अंगाचं पाणी कुठंय?"

मालनताई मान खाली घालतात, तर पायांखाली ओढा. फळा धोंड्याला टेकलाय, सतरंजीचे पट्टे पाण्याबरोबर हलताहेत.

"त्या दिवशीही प्रदोष होता, बाई. कारखान्याच्या वर चढले असते, तर दिवेलागणीची पूजा चुकली असती."

बाई दातांत पदर धरून हसतात. "देवापुढचा नेम बारा वर्षांत चुकला नाही तुझा. पाण्यापुढचा चुकला होय?"

"रागावलात?"

"मेल्या माणसाला कसला गं राग? पण त्या कारखान्यात गावच्या चाळीस बाया आहेत. बातमी वाचून तो बंद पडला, आणि शिसं वरूनच येत असलं, तर? त्यांच्या चुली विझतील, नि पोरं तेच पाणी पीत राहतील."

मालनताईंना हुंदका येतो. बाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवतात. हात गार आहे, पण माया तीच.

"आजही पूजा आहे," मालनताई पुटपुटतात.

"महादेवाला मी सांगते. तिकडं थोडी ओळख झालीय आता." बाई ओल्या हातांनी त्यांच्या पदराचं टोक धरतात. "विसरभोळी आहेस, म्हणून."

"बाई, परत याल?"

"वर चढ आधी."

साडेतीन. मालनताई उठतात आणि आधी फोन लावतात.

"आबासाहेब, ओढ्याची बातमी आज नको."

"अहो ताई, पान कोरं सोडू का?"

"कीर्तनाचा फोटो घाला. कारखान्याच्या वरचं पाणी घ्यायचं राहिलंय माझं. चूक माझीच."

"आणि आज तुमची पूजा?"

"देव थांबेल म्हणतात."

"कोण म्हणतं?"

मालनताई फोन ठेवतात. देवाला नमस्कार करतात, रिकामी बाटली पिशवीत टाकतात आणि चारची एसटी गाठायला चपला घालतात. पदर खांद्यावर घेताना टोक हाताला जड लागतं. त्याला घट्ट गाठ मारलेली आहे, आणि गाठ ओली आहे.